हंगामापुरतं

साखर कारखान्याच्या शेती विभागात स्लिपबॉय नावाचं एक पद असतं. काही भागांत त्याला चिटबॉय म्हणतात. नेमून दिलेल्या गावांतल्या उसाच्या नोंदी ठेवायच्या, लागण तारखेच्या क्रमानं तोड द्यायची आणि भरलेल्या प्रत्येक वाहनाला चिठ्ठी फाडून द्यायची. 2017 च्या नोव्हेंबरात वाळवा तालुक्यात मी हे काम धरलं, तेव्हा माझ्याकडे रसायनशास्त्रातली एम.एस्सी. होती आणि औषध कंपनीतला तीन वर्षांचा अनुभव.

कंपनीत मी गोळ्यांचे नमुने तपासायचो. पगार बरा होता, काम काटेकोर होतं. पण नमुना कुठून आला आणि माझ्या सहीनंतर त्याचं काय झालं, हे कधी दिसायचं नाही. एका रात्रपाळीनंतर राजीनामा दिला. पुढचं काही ठरवलं नव्हतं, आणि ती चूकच होती. धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू होतं. चार महिने नुसते अर्ज केले. मग घरी आबा एका संध्याकाळी म्हणाले, "हंगामापुरतं कर. कारखाना बंद झाला की तूही मोकळा."

पहिले पंधरा दिवस मान वर करवत नव्हती. दिवस उजाडायच्या आत फडावर जायचं. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांचे कोयते तोवर चालू झालेले असायचे. नवरा तोडतोय, बायको मोळ्या बांधतेय, पोर पाचटावर झोपलंय. चिठ्ठीवर शेतकऱ्याचा कोड, गट नंबर, उसाची जात, लागण तारीख आणि वाहनाचा नंबर लिहायचा. यातला एक आकडा चुकला की दुसऱ्याच्याच नावावर टनेज पडतं. आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, खोडवा त्यामागून, असा क्रम. आणि तो मोडून माझा ऊस आधी न्या, म्हणून रोज दोघंतिघं दारात. गहू पेरायचा असतो, ऊस वाळत असतो, त्यांचंही खरं असतं. तारखेचं रजिस्टर उघडून समोर धरायचं, याशिवाय माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

सोबतीला होता तो बारा हंगाम हेच काम करत होता. दर वर्षी त्याला वाटायचं, यंदा कायमची ऑर्डर निघेल. उन्हाळ्यात तो मिळेल ते काम करायचा आणि दिवाळीला पुन्हा कारखान्याच्या दारात. फार मायाळू माणूस. मला काम त्यानंच शिकवलं. पण त्याच्याकडे बघून मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं, एकच हंगाम. रोज रात्री जेवणाआधी एक तरी अर्ज किंवा फोन करायचाच, हाही नेम केला. आबांच्या 'हंगामापुरतं' या शब्दाची किंमत मला तेव्हा कळली.

फेब्रुवारीत एका फडावर वाहन भरत होतं. नोंद दीड एकराची होती आणि ऊस निघाला अकरा टन. बांधापलीकडच्या रानात एकरी साठ पडले होते. जमिनीवर मीठ सांडावं तसा पांढरा थर. मालक सत्तरीचे आजोबा. मला म्हणाले, "आरं बाळा, तू शिकल्यालं हाईस न्हवं? मग सांग की, हे पांढरं कशानं फुटतंय? दोन वर्सं जिप्सम टाकतोय."

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन गेलो. आठ ठिकाणी खड्डे घेतले, बांधाजवळची जागा टाळली, माती एकत्र करून चार भाग केले आणि समोरासमोरचे दोन टाकून देत अर्धा किलो राहीपर्यंत कमी केली. सांगलीच्या प्रयोगशाळेत मेजावर सामू मोजायचं यंत्र होतं, 4, 7 आणि 9.2 च्या बफर द्रावणांवर जुळवलेलं. कंपनीत हेच यंत्र मी रोज जुळवायचो. त्या मेजापाशी मी बराच वेळ उभा राहिलो.

सामू 8.1 आला, क्षारता 4 च्या मर्यादेच्या बरीच वर. म्हणजे जमीन क्षारयुक्त, चोपण नव्हे. सामू 8.5 च्या वर आणि मातीला चिकटलेला सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल, तर ती चोपण आणि तिला जिप्सम लागतं. या रानाला हवा होता निचरा: जमिनीत सच्छिद्र पाईप घालून, क्षार पाण्यात विरघळवून बाहेर काढायचे. कृष्णाकाठी कालव्याचं आणि उपशाचं पाणी वर्षानुवर्षं मोकाट दिल्यानं खालचं पाणी वर चढलंय, क्षार त्यातूनच येतात. आजोबांनी दोन वर्षं चुकीच्या औषधावर पैसे घातले, कारण चारशे पावलांवर कारखान्याचा माणूस रोज येत होता आणि त्याला माती वाचता येत नव्हती. या हंगामात तो माणूस मीच होतो, याचा मला राग आला.

त्यानंतर चिठ्ठ्या फाडत मी त्या गावांतून एकवीस नमुने गोळा केले. प्रयोगशाळेत खेटे घालताना तिथल्या प्रमुखांची ओळख झाली. एप्रिलमध्ये गाळप संपलं, रजिस्टर जमा केलं. जूनमध्ये त्याच प्रयोगशाळेत रुजू झालो, कंपनीपेक्षा कमी पगारावर. आईला ते पटायला वर्ष लागलं.

आजोबांच्या रानात 2021 साली पाईप बसले. दीड एकरातला एक एकर आता पिकतो. उरलेला अर्धा अजून पांढराच आहे, आणि येत्या उन्हाळ्यात त्याचे नमुने पुन्हा घ्यायचे आहेत.