आमची हिरवळ : एक थकीत खातं

बँकेतल्या कारकुनाने साहेबाच्या घरी चहाला जाऊ नये. गेलाच, तर त्याच्या अंगणाकडे बघू नये. मी दोन्ही चुका एकाच रविवारी केल्या. साहेबांच्या दारात हिरवीगार लॉन होती आणि साहेब तिच्यावर अनवाणी फिरत होते. मालवणला परतलो, बेडं उघडलं आणि स्वतःच्याच अंगणाकडे परक्यासारखं पाहिलं. अप्पा गेल्यापासून तीन वर्षांत कडेकडेने तण माजलेलं आणि मधोमध लाल टक्कल. थेट माझ्या डोक्यासारखं. फरक एवढाच, की डोक्यावर आता काही उगवणार नाही, हे मी मान्य केलेलं आहे.

मे महिन्यात बियाण्याचं पाकीट मागवलं. वर लिहिलं होतं ‘बर्म्युडा ग्रास’. आई ओटीवर कोकमं फोडत होती. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“गवत उपटूक माणसां गावनत नाय, नि तू पैशे दिवन गवत हाडतस?”

पुढचा घाव भाच्याने घातला. तो दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकतो. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून तो म्हणाला, “मामा, सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणजे आपली हरळी. दूर्वा!”

म्हणजे घाटावरचा शेतकरी जी खणून खणून थकतो आणि आई जी तुळशीमागून खुडून गणपतीला वाहते, तीच मी परदेशी समजून विकत घेतली होती. शिवाय ती मूळची बर्म्युडा बेटाची नाहीच म्हणे! पत्ता खोटा, कागदपत्रं अपुरी. बँकेत असं खातं मी उघडूच दिलं नसतं.

तरी पैसे भरले होते, म्हणून जूनच्या तोंडावर बी फेकलं. निम्मं मुंग्यांनी आणि साळुंक्यांनी उचललं. उरलेल्यावर पाऊस पडला. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दिवशी बहुतेक सगळा आमच्याच अंगणात पडला. रव्याएवढं बी पाण्याबरोबर बेड्याखालून निघून गेलं. पंधरा दिवसांनी शेजाऱ्यांच्या गटाराकाठी सुरेख हिरवळ उगवली. त्यांनी माझे आभार मानले.

भाचा म्हणाला, “बी नको. काड्या लावा.” मग जुलैत तुळशीमागच्या दूर्वा उपटल्या, दोन-तीन पेरांचे तुकडे केले आणि वीत-वीत अंतरावर खोचले. पाठीचा कणा कुठून कुठपर्यंत असतो, हे मला त्या दिवशी नेमकं समजलं. पण काड्या धरल्या! आंब्याच्या सावलीतल्या तेवढ्या गेल्या, कारण दूर्वेला ऊन लागतं. चतुर्थीला आईने एकवीस-एकवीसच्या जुड्या घरच्याच अंगणातून खुडल्या आणि माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

मधलं टक्कल मात्र तसंच राहिलं. तिथे पाणी साचे, काड्या कुजत. पुन्हा लावल्या, पुन्हा कुजल्या. बँकेत हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला, की कर्ज अनुत्पादित ठरतं. मी तारखा मांडल्या. ऑक्टोबरच्या मध्यावर मुदत संपत होती.

“जमीन दाबली गेलीय,” भाच्याने निदान केलं. “आत हवा नाही, पाणी मुरत नाही. अर्धा फूट खणा, शेणखत घाला.”

रविवारी टिकाव घेतला. पहिला घाव टण्णकन वाजला आणि टिकाव उलटा माझ्याच अंगावर आला. दुसरा उचलला, तोच ओटीवरून आई म्हणाली,

“झिला, तुझ्या बापाशीन इतकी वर्सां चोपलेली जमीन ती. थंय गवत खयसून येतलां?”

टिकाव हातातच राहिला. आमचं खळं! दरवर्षी पाऊस सरला की अप्पा लाल माती आणायचे, भिजवायचे आणि उकिडवे बसून चोपणीने चोपत चोपत मागे सरकायचे. मी तांब्याने पाणी घालायचो. ओल्या मातीत माझी टाच उमटली, की पाठीत धपाटा मिळायचा. नंतर आई शेणाने सारवायची आणि तिथेच तुळशीचं लग्न लागायचं. गवताचं पातं उगवू नये म्हणून त्या माणसाने आयुष्यभर कष्ट केले होते, आणि मी तीन महिन्यांत तिथे लॉन करायला निघालो होतो.

टिकाव ठेवला आणि माळ्यावरून चोपणी काढली. पाठ पुन्हा एकदा सापडली. अप्पांसारखं गुळगुळीत काही जमलं नाही. पण आईने सारवून घेतलं, आणि यंदा तुळशीचं लग्न खळ्यात लागलं.

परवा साहेब आले होते. चहा घेता घेता म्हणाले, “लॉन छान झालीय हो. मधे मात्र उगवलेलं दिसत नाही.”

“ती थकबाकी नव्हे, साहेब,” मी म्हटलं. “ती वडिलांची ठेव आहे.”