मुंगळ्यांना घर कशाचं?

पहिल्या पावसानंतर सापडलेली मुंगळ्यांची राणी धाकटीने काचेच्या नळीत ठेवलीय. मागे पाणी, मध्ये कापसाचा बोळा, वरून काळा कागद. पहिल्या कामकरी मुंग्या निघेपर्यंत राणीला चारा लागत नाही. पंखांचे स्नायू जिरवून ती पिल्लं पोसते.

कुटुंब वाढलं की मोठं घर लागेल. आपली काळी माती नको. सुकली की भेगा, भिजली की फुगते, बोगदे मिटतात. प्लास्टर ऑफ पॅरिस ओल धरतं, पण बुरशी येते, शिवाय मुंगळे ते कुरतडतात. ॲक्रिलिक दिसायला झ्याक, ओलीच्या नावाने शून्य. मला बांधकामाचा एएसी ब्लॉक पटला. पटाशीने कोरता येतो, वर काच बसवायची. एका टोकाला पाणी दिलं की ओल हळूहळू सरकते, दुसरं टोक कोरडं राहतं. अंडी कुठे ठेवायची ते त्या ठरवतात, आपण नाही.

फिरायच्या जागेत पसरायला पोरगी कपाशीतली माती आणायला निघाली होती. मी म्हटलं, नको, तिथे फिप्रोनिल फवारलंय, पडीकातली आण.

"मग कपाशीतल्या मुंगळ्यांचं काय?"

फवारणीनंतर शेतातली मुंगळ्यांची बिळं कुणी मोजलीत का? सांगा.