काजव्याची साक्ष

मराठी माणसाने काजव्यावर फार अन्याय केला आहे. सूर्यापुढे चमकायला गेलेला किडा, एवढीच त्याची आपल्याकडे ओळख! पण हल्ली याच काजव्याला प्रयोगशाळेत साक्षीदार म्हणून बोलावतात आणि त्याची साक्ष ग्राह्यही धरतात, हे ऐकून मी चाटच पडलो.

ऐकवलं ते माझ्या पुतणीने. ती पुण्याला जीवशास्त्रात संशोधन करते. वेळापूरला आली की सारा गाव तिला ‘किती शिकणार गं अजून?’ एवढंच विचारतो. मी काय शिकतेस ते विचारलं, म्हणून खूश झाली.

“काका, जनुकाचा हुकूम चिठ्ठीवर उतरतो आणि त्याप्रमाणे पेशीत प्रथिन तयार होतं. पण मधे मायक्रोआरएनए नावाचं एक चिमुकलं असतं, अवघ्या २२-एक अक्षरांचं. ते चिठ्ठीच्या शेपटाला चिकटतं आणि हुकूम तिथंच जिरतो.”

“म्हणजे आपली आई!” मी म्हणालो.

आमचे आप्पा ढेलजेत बसून हुकूम सोडत. ज्ञानोबांची पालखी वेळापूर मुक्कामी आली की तर त्यांना ऊतच येई. ‘दोनशे पान होऊ द्या!’ पण माजघराच्या उंबऱ्यात आई उभी असे. बोलायची नाही, नुसती मान हलवायची. दोनशेचे चाळीस होत. घर आपल्याच शब्दावर चालतं, अशी आप्पांची ठाम समजूत होती.

“पण आजीच अडवायची, हे सिद्ध कसं करणार?” पुतणी म्हणाली. “गडी विसरला असेल, वाण्याने उधारी नाकारली असेल.”

इथं काजवा येतो. त्याच्या पोटातला उजेड ल्युसिफरेज नावाच्या विकरामुळे पडतो. त्याचं जनुक १९८५ साली अमेरिकेत वेगळं काढलं गेलं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटंसं कडं. त्यात हे जनुक बसवायचं, त्याला संशयित चिठ्ठीचं शेपूट जोडायचं, पेशीत सोडायचं आणि उजेड मोजायचा. मायक्रोआरएनए आलं आणि दिवा मंदावला, की संशय बळावतो. मग शेपटातली नेमकी अक्षरं बदलायची. आता दिवा मंदावला नाही, तर अडवणारा सापडला! सोबत समुद्रातल्या एका प्राण्याचा निळसर दिवाही ठेवतात, ते शेपूट न लावता. आपले दिवे गेले की शेजारच्यांचे आहेत का बघतो ना, तसंच.

या चिमुकल्याचा पहिला पत्ता १९९३ साली एका मिलिमीटरभर कृमीत लागला. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना त्याबद्दल नोबेल मिळालं २०२४ साली. गप्प राहून काम करणाऱ्याची दखल घ्यायला स्वीडनलाही एकतीस वर्षं लागतात!

“आणि हे चिमुकलं कमी पडलं तर?”

“तर ज्याने गप्प बसायचं ते जनुक बोलत सुटतं. काही कर्करोगांत असंच होतं.”

मी गप्प झालो. आई गेली त्या वर्षापासून आप्पांचे हुकूम प्रथमच जसेच्या तसे अंमलात येऊ लागले. पंगत खरोखरच दोनशेची झाली. बैल विकले, विहिरीवर नवं इंजिन आलं. तीन वर्षांत अर्धा मळा गेला. गावाने पावसाला दोष दिला.

बैठकीत आप्पांचा हार घातलेला मोठा फोटो आहे. आईचा वेगळा फोटोच नाही. एका लग्नातल्या फोटोत ती माजघराच्या दारात अर्धीच आली आहे. पुतणी जाताना तो मागून घेऊन गेली. प्रयोगशाळेत टेबलापाशी लावलाय म्हणते.