बोराला इंग्रजीत काय म्हणतात?

ॲपल हे फळ मी आधी वाचलं. पाहिलं नंतर. खाल्लं त्याच्याही बऱ्याच नंतर, आजा सरकारी दवाखान्यात पडला होता आणि कोणीतरी पिशवीत चार सफरचंदं आणली होती तेव्हा. आजानं एक फोड खाल्ली आणि म्हणाला, "बोराला याची सर न्हाई." तेव्हा मला बोराचं इंग्रजी नाव येत नव्हतं. ॲपलचं स्पेलिंग मात्र तोंडपाठ होतं.

२००० सालच्या जूनपासून महाराष्ट्र सरकारनं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. निर्णय चांगलाच होता. त्याआधी आपल्या पोरांना इंग्रजी पाचवीत भेटायचं. तोवर साहेबांची पोरं चार पायऱ्या वर चढून बसलेली असायची. मी त्या निर्णयानंतरचा. आमच्या शाळेच्या भिंतीवर तक्ता होता. ए फॉर ॲपल. जी फॉर ग्रेप्स. एम फॉर मँगो. ओ फॉर ऑरेंज. सगळी फळं धुतलेली, चकचकीत, अंगावर पाण्याचे थेंब. आमच्या वस्तीवर प्यायला पाणी नव्हतं, अन् तक्त्यावरच्या द्राक्षांना आंघोळ घातलेली.

एकदा गुरुजींनी विचारलं, घरी कोणकोणती फळं खाता? मी उभा राहिलो. म्हणालो, बोरं, कवठ, उंबरं. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "ती फळं नव्हेत रे. फळांची नावं सांग."

दोस्तहो, मला इथंच थांबायचंय. त्या दिवशी मला कळलं की फळ म्हणजे काय हे झाड ठरवत नाही. तक्ता ठरवतो. आणि तक्ता छापणारा आमच्या वस्तीवर कधी आलेला नसतो.

आमच्या वस्तीचं वर्ष फळांवर चालतं. संक्रांतीच्या आगेमागे बोरं. मग कवठ. मग चिंचा. उन्हाळ्याच्या शेवटी अकोल्याच्या डोंगरातून करवंदं येतात, पाऊस लागला की जांभळं. दसरा-दिवाळीला सीताफळं. ही फळं कोणाच्या बागेत लावलेली नसतात. बांधावर, ओढ्याच्या काठाला, गायरानात येतात. ती गोळा करायला आमच्या बाया जातात, काटे आमच्या पायात मोडतात, आणि एसटी स्टँडवर स्टीलच्या पेल्यानं मापून विकायलाही आमच्याच बाया बसतात. ज्यांना जमीन नाही त्यांची ही फळं. म्हणूनच ती तक्त्यावर नाहीत की काय, हे तुम्हीच ठरवा.

चिंचेचं बघा. नगरची चिंचेची बाजारपेठ जुनी आणि मोठी. चिंच बाजारात जाते ती फोडून, चिंचोका काढून. हे फोडायचं काम बायांचं. मजुरी किलोवर. दिवसभर बसलं की बोटं काळी पडतात, आंबट पाण्यानं कातडी सोलते. चिंचोक्याचंही पीठ होतं. कापडगिरण्यांत सुताला खळ द्यायला ते वापरतात. म्हणजे अंगावरच्या कापडातसुद्धा चिंच आहे. आता हिचं इंग्रजी नाव टॅमरिंड. मला वाटायचं, काय सायबी शब्द आहे! शाळा सुटल्यावर जुन्या बाजारातून एक फाटका कोश घेतला होता. त्यात शोधलं. शब्द निघाला अरबी. तमर हिंदी. म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. अरबांनी ठेवलेलं नाव इंग्रजानं तोंडात बसेल तसं वळवलं आणि आमच्याकडे परत पाठवलं. गुरुजी त्याला शुद्ध इंग्रजी म्हणत होते.

मग मला नादच लागला. मी साखर कारखान्यात मिलवर असतो. गळिताच्या हंगामात रात्रपाळीला उसाच्या मोळ्या रोलरखाली जाताना बघत उभं राहायचं. डोकं रिकामं असतं. खिशात कागद ठेवायचो आणि एकेका फळाचा माग काढायचो. तुमच्या माहितीसाठी काही सांगतो.

मँगो हा शब्द इंग्रजांचा नाही. तो तमिळ-मलयाळममधला मांगा. पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी. ऑरेंज म्हणजे आपलं नारिंगच. संस्कृत, फारसी, अरबी असा फिरत फिरत गेला, वाटेत पुढचा न गळाला. जॅकफ्रूटमधला जॅक म्हणजे मलयाळी चक्का, म्हणजे फणस. बनाना पश्चिम आफ्रिकेतल्या काळ्या माणसांच्या भाषेतून आला. आणि माझ्या हाताखालची शुगर? ती शर्करा. अननसाला जगातल्या कितीतरी भाषा अननसच म्हणतात, तो दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचा शब्द. इंग्रज मात्र पाइनॲपल म्हणत वेगळा बसला. तेव्हा इंग्रजी कोणाच्या बापाची पेंड नाही. ती चोरबाजारासारखी आहे. सगळ्यांचा माल तिथं आहे, आपलाही आहे. आपला माल ओळखून घ्यायला लाजायचं कशाला?

पण एका शब्दानं मला झोप येऊ दिली नाही. ग्वावा. म्हणजे पेरू. आमच्या राहात्याचा पेरू सगळीकडे जातो. ग्वावा हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ माणसांचा. १४९२ साली कोलंबस तिथं उतरला. पुढच्या काही दशकांत त्या माणसांतली बहुतेक मेली. काही तलवारीनं, काही परक्या रोगांनी, काही वेठबिगारीत मरमर राबून. माणसं गेली, फळाचं नाव राहिलं. ते नाव ज्यूसच्या खोक्यावर छापून विकतात आणि पिणाऱ्याला वाटतं, आपण इंग्रजी पितोय.

वेठबिगारी हा शब्द आपल्याला नवा नाही. ह्याच जिल्ह्यात हरेगावला १९३९ सालच्या डिसेंबरात बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध परिषद घेतली होती. वतन म्हणजे वेठच. नुसतं नाव गोड. गोड नावाच्या आत काय आहे ते फोडून बघायचं, हे आपल्याला तिथूनच शिकायला मिळालं.

सीताफळाची गंमत तर ऐकण्यासारखी. सीताफळ अस्सल परदेशी. अमेरिका खंडातलं. गावानं त्याला सीतेचं नाव दिलं, त्याच्या भावकीतल्या दुसऱ्याला रामाचं. चार-पाचशे वर्षांत परदेशी फळ रामायणात जाऊन बसलं. कोणी त्याची जात विचारली नाही. आणि गाव वसलं तेव्हापासून वेस राखणारा आमचा खापरपणजा गावकुसाच्या बाहेर तो बाहेरच. फळाला नवं नाव मिळतं, नव्या नावाबरोबर घरही मिळतं. आम्ही १९५६ साली धम्म घेतला, नवं नाव घेतलं, तरी गाव जुन्याच नावानं हाक मारतो. निदान मनातल्या मनात तरी.

नाव म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवू नये. १९७८ ते १९९४, एका विद्यापीठाच्या नावासाठी आपण सोळा वर्षं लढलो. घरं जळाली, माणसं मेली. नावाची किंमत आपण रक्तात मोजलेली आहे. आमच्या जिल्ह्याचं नावही २०२४ साली बदललं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. चौंडीच्या अहिल्याबाईंचं नाव पाटीवर आलं. पाटी बदलायला सरकार लागतं. बोराचं नाव भिंतीवर लिहायला मात्र एक खडू पुरतो.

आता डाळिंबाकडे येतो, कारण डाळिंबाशी आमच्या घराचा संबंध आहे. आई डाळिंबाच्या बागेत रोजानं जाते. नगर जिल्ह्यात डाळिंब वाढलं ते भगवा वाणामुळं. आमच्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं तो वाण २००३ साली दिला. आई शाळेत गेलेली नाही. पण तिचं बोलणं ऐका: "औंदा सेटिंग चांगलं झालं. स्प्रे येळेवर पडला. ड्रीप चोकअप झालं व्हतं. ग्रेडिंगला उद्या लवकर बोलावलंय, माल एक्स्पोर्टला जायचाय." ह्या एवढ्याशा बोलण्यात इंग्रजी किती? तक्ता नाही, गुरुजी नाही, छडी नाही. हात जिथं राबला तिथले शब्द तोंडात बसले. माझंही तसंच. बॉयलर, कॅरिअर, बगॅस, शिफ्ट मला कोणी शिकवलं नाही.

एका रात्री आई बागेतून पुठ्ठ्याचं रिकामं खोकं घेऊन आली, भांडी ठेवायला. म्हणाली, "काय लिव्हलंय रं यावर?"

मी वाचलं, "पोमग्रॅनेट."

"म्हंजी?"

"डाळिंब."

"एवढं लांबडं? डाळिंब म्हणायला काय धाड भरली व्हती त्यान्ला?"

मी तिला सांगितलं की तो लॅटिन शब्द आहे, दाण्यांचं सफरचंद असा त्याचा अर्थ. आणि ह्याच शब्दाच्या फ्रेंच नात्यातून ग्रेनेड आलं, हातबॉम्ब. आकार डाळिंबासारखा म्हणून. ती हसली. म्हणाली, "मंग रोज बाँबच भरती की मी पेटीत." मग खोकं फिरवून बघत म्हणाली, "आनखी काय लिव्हलंय?"

मी वाचत गेलो. वाणाचं नाव होतं, भगवा, इंग्रजी अक्षरांत पण मराठीच. वजन होतं. ग्रेड होती. पिकवणाराचं नाव होतं, पाठवणाराचं होतं. देशाचं होतं. आई म्हणाली, "अन् भरनारनीचं?"

ते नव्हतं.

दोस्तहो, इंग्रजी का शिकायचं याचं उत्तर मला त्या खोक्यावर मिळालं. ॲपल म्हणता यावं म्हणून नाही. पेटीवर कोणाचं नाव आहे आणि कोणाचं नाही, हे वाचता यावं म्हणून. फळाचं नाव शिकून थांबलो तर आपण फक्त पाठांतर केलं. फळाच्या शेजारचा शब्द शिकला पाहिजे. रोजाला वेजेस म्हणतात. किमान वेतनाला मिनिमम वेजेस. त्याचं विधेयक १९४६ साली मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनीच मांडलं होतं. १९४८ साली कायदा झाला, शेतमजूरही त्यात आले. आता तो कायदा जाऊन २०१९ ची वेतन संहिता आली आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बागेतल्या किती बायांना ही तीन वाक्यं ठाऊक आहेत? आणि किती कार्यकर्त्यांना?

काही शहाणे म्हणतात, इंग्रजी परकी आहे, मातृभाषा जपा. त्यांची पोरं कुठल्या शाळेत जातात ते विचारा. आणि आपल्यातले काही इंग्रजीला देवी म्हणतात. उत्तर प्रदेशात बांका नावाच्या गावी २०१० साली दलितांनी इंग्रजी देवीचं मंदिर बांधायला घेतलं. त्यामागचा राग मला समजतो. पण बाबासाहेबांनी आपल्याला देव सोडायला सांगितलं, त्यात इंग्रजीचीही देवी आली. माउली म्हणा हवं तर. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकायला सांगितलं. त्याच सावित्रीबाई ह्या नगरात मिस फॅरारबाईंच्या शाळेत अध्यापनाचं शिक्षण घेऊन गेल्या. आणि त्याच पुस्तकात त्यांनी जाईवर, चाफ्यावर कविता लिहिल्या. इंग्रजी मागायचं आणि आपल्या परड्यातल्या फुलाचं नावही टाकायचं नाही, ही रीत त्यांची.

बाबासाहेबांचंही तेच. ग्रंथ इंग्रजीत लिहिले, कारण भांडण जगाशी, सरकारशी होतं. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीत काढले, कारण बोलायचं आपल्या माणसांशी होतं. दोन हातांत दोन भाषा. एकीनं दुसरीचा गळा दाबायचा नाही.

बोराचं इंग्रजी नाव शेवटी सापडलं. जुजुब. मी आजाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जुजबीच आहे. पण अलीकडं शेतीच्या इंग्रजी पुस्तकांत जुजुबच्या शेजारी 'बेर' असंही छापतात. आवळ्याची पावडर परदेशात 'आमला' म्हणूनच विकतात. म्हणजे आपली नावं तिकडे जाऊ शकतात. नेणारा पाहिजे.

म्हणून एक काम सुचवतो. आमच्या वस्तीच्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तिथं विकतचा तक्ता लावायचा नाही असं आम्ही ठरवलंय. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पोरं स्वतः तक्ता करताहेत. पाच रकाने. फळाचं आपलं नाव. इंग्रजी नाव. ते कोणत्या महिन्यात येतं. कोण तोडतं. तोडणाराला काय मिळतं. पहिले दोन रकाने पोरं कोशातून आणि मोबाइलमधून भरतात. शेवटच्या तीनसाठी त्यांना आयांना विचारावं लागतं. आया सांगतात, आणि सांगता सांगता त्यांनाही कळतं की एकाच बागेत दोघींना दोन दर मिळताहेत. मागच्या आठवड्यात याच गोष्टीवरून चार बाया मुकादमाकडे गेल्या. दर अजून वाढलेला नाही. पण आता तो भिंतीवर लिहिलेला आहे.

तुमच्या तालुक्यातली फळं आम्हाला कळवा. जतची, तळोद्याची, गडचिरोलीची. चारोळी, टेंभरं, मोहाची टोळी, जे असेल ते. इंग्रजी नाव सापडलं नाही तरी चालेल, आपण शोधू. चौथा आणि पाचवा रकाना मात्र रिकामा पाठवू नका.

जयभीम.