कातळ आणि विरळ हवा

आज सकाळी जुना दोर उन्हात पसरला आणि पुन्हा तोच प्रश्न मनात आला. अवघड कोणतं, अलंग-मदन-कुलंग की एव्हरेस्ट बेस कॅम्प?

आकडे पाहिले तर तुलनाच नाही. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर, जाऊन-येऊन सुमारे १३० किलोमीटर, बारा-तेरा दिवस. कुलंग दीड हजार मीटरसुद्धा भरत नाही, तिन्ही किल्ले तीन दिवसांत होतात. पण बेस कॅम्पच्या वाटेवर, नामचेच्या चढावर माझा हात कधी थरथरला नाही. वाट रुंद, मुक्कामाला लॉज, ताटात गरम डाळ-भात. तिथे कसोटी श्वासाची. गोरक्षेपला बुटाची नाडी बांधतानाही धाप लागली. रात्री झोप नाही, डोकं ठणकतंय. उपाय एकच, सावकाश चढायचं आणि नामचे, दिंगबोचेला एकेक दिवस जास्त थांबायचं. घाई करणाऱ्या तरण्याबांड पोरांना खाली उतरवावं लागलेलं मी पाहिलंय.

मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. तिथे आता उभा कातळ. कमरेला दोर, बोटं खाचेत, खाली दरी आणि पाठीवर शिधा, भांडी, पाणी. त्या टप्प्यावर सावकाशीचाही उपयोग नसतो. पाऊल टाकायचं ते नेमकंच.

मला मदनच अवघड वाटतो. दिवस हाताशी ठेवून थोरल्या बहिणीला मी बेस कॅम्पला नेईन. तिने मदनचं नाव काढलं, तर आधी वर्षभर कातळावर सराव करून घेईन.