चांदणी आणि जाळे

दहा संगणक एकमेकांना जोडायचे यात ती काय मोठी विद्या, असे आपणांस वाटेल. तार घ्यावी, या टेबलाकडून त्या टेबलाकडे ओढावी, झाले! पण मी सारी नोकरी या तारांच्या संगतीत काढली आहे. तार कोठून कोठे न्यायची हे ठरविणे म्हणजे, उद्या संकट आले तर ते कोणाच्या वाट्याला जाणार, हे आजच ठरविणे होय.

सर्वांत स्वस्त रीत होती ती 'बस'ची. एकच लांब तार, फार तर १८५ मीटरची. वाळत घालण्याच्या दोरीवर कपडे टाकावेत तसे संगणक तिला लटकवायचे. १९९४ साली आमच्या कचेरीत हीच व्यवस्था होती. झाडणाऱ्या बाईंचा केरसुणीचा धक्का एखाद्या जोडाला लागला, की सोळा टेबलांवरचे काम ठप्प! मग सुटलेला जोड शोधीत मी टेबलांखालून रांगत निघे.

वर्तुळाची रीत अधिक शिस्तीची. तीत बोलण्याच्या परवान्याची एक चिठ्ठी हातोहात फिरते. ती ज्याच्या हाती, त्यानेच बोलावे. भांडण नाही, पण साध्या वर्तुळातली एक कडी निखळली, की सारेच मुके. म्हणून पुढे दुहेरी वर्तुळे निघाली.

मग आली चांदणी. मध्ये एक पेटी आणि तिच्यापर्यंत प्रत्येकाची स्वतंत्र तार. तार जास्त लागते, पण एकाची तुटली तर तो एकटाच अडतो. मात्र मधली पेटीच बिघडली तर?

अमेरिकेत पॉल बॅरन यांना हाच प्रश्न पडला होता. अणुबाँब पडल्यावरही संदेश कसे पोहोचावेत, याचा विचार त्यांनी १९६४ साली मांडला. केंद्र नकोच, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गाठी असाव्यात; एक वाट बुजली तर संदेशाने दुसरीने जावे! पण जाळे महाग. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचे तर पाचजणांना १० तारा लागतात, पन्नासांना १२२५! बॅरन यांनी दाखविले, की इतक्यांची गरज नाही. नुसते जोडण्यापुरत्या लागतात त्यांच्या सुमारे तिप्पट तारा असल्या, तरी जाळे पुष्कळ तग धरते.

हे सारे मला पाठ होते. पण त्याचा अर्थ घरात कळला. आम्ही पाच भावंडे पाच गावी, आणि मध्ये आई. इंदूरच्या ताईकडची बातमी मला आई सांगे, माझ्या मुलाचा ताप बडोद्याच्या अण्णाला आईच कळवी. पाच तारांत संसार चाले. २०११ साली आई गेली. त्या दिवाळीत कोणाचाच कोणाला फोन नाही. रुसवा नव्हता हो! फोन सगळ्यांच्या खिशात होते. एकमेकांकडे जाणारी वाटच कधी पडली नव्हती.

पुढल्या पाडव्याला ताईने दंडक घातला : दर रविवारी प्रत्येकाने निदान दोघांना फोन करायचा. दहाही वाटा सांभाळणे कोणास जमणार? पण दोन जमतात.

गेल्या वर्षी अण्णाचा फोन आठवडाभर बंद होता. तरी त्याला नात झाल्याची बातमी त्याच दिवशी माझ्याकडे पोहोचली. बडोद्याहून मुंबईला, इंदूरमार्गे!