एकाच खेपेत

पुलाखाली राहणाऱ्या बाईला ‘रिपोर्ट आठवड्याने न्या’ सांगितलं की ती तपासणी वाया गेली असं मी धरते. आठवड्याने ती कुठे असेल? मध्येच सामान उचलणारी गाडी येते, बिऱ्हाड पांगतं आणि केसपेपरही गाठोड्याबरोबर जातो. एचपीव्ही या विषाणूची लागण झाल्यापासून गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. इतका अवधी हाताशी असूनही या बायका आमच्यापर्यंत पोचतात त्या अंगावरून सारखं जायला लागल्यावर.

म्हणून दादरच्या पुलाखाली आम्ही व्हिनेगरची तपासणी धरून आहोत. एचपीव्हीची चाचणी जास्त अचूक, हे मान्य. पण तिचा निकाल बहुतेकदा नंतर येतो. इथे सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून मिनिटभर थांबलं, की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला, तेव्हा प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी अशी तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. डॉक्टरांना योग्य वाटलं तर बॅटरीवरच्या यंत्राने तो भाग तिथल्या तिथे जाळता येतो. भूल द्यावी लागत नाही.

अडतं ते आधी आणि नंतर. “ताई, अंगाला पाणी नाही चार दिवस, असं कसं दाखवू?” हे जवळजवळ प्रत्येकीचं पहिलं वाक्य. त्यामुळे न्हाणीघराचे पैसे आम्ही भरतो, साबण आणि धुतलेला परकर देतो. वेळ दुपारची, कारण सकाळी गजरे असतात आणि संध्याकाळी सिग्नल.

उपचारानंतर महिनाभर शरीरसंबंध नकोत. हे सांगताना माझा आवाज अजूनही अडखळतो. एक म्हणाली, “एका ताडपत्रीखाली लांब राहायचं म्हणजे कुठे?” दुसरी नुसतं म्हणाली, “रात्री कोण येईल ते माझ्या हातात आहे का?” नवऱ्यांशी आमचे पुरुष सहकारी बोलतात, बरेचदा ऐकतातही. पण दुसरीला समजावण्याने काय होणार? तिला कडी लागणारं दार हवं. शहरांत दर लाख लोकांमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांत आहे. बायकांचा निवारा मी तरी कॅन्सरप्रतिबंधातच मोजते.

यकृताचा कॅन्सर टळावा म्हणून हिपॅटायटिस बीची लस आम्ही पुरुषांनाही देतो. तिचे तीन डोस, पहिल्यानंतर एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. मधला लांबला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला द्यायचा. मात्र कोणाचा कितवा झाला हे कुणाला तरी माहीत हवं. ती वही आम्ही आमच्याकडेच ठेवतो. तिच्यात पत्त्याच्या रकान्यात टोपणनाव असतं, आणि कुठल्या चहावाल्याकडे निरोप ठेवला तर पोचेल ते.